सिंजाऱ्याची मेंदी

श्रावण शुद्ध द्वितीयेला राजस्थानातील घराघरांत सिंजारा असतो आणि दुसऱ्या दिवशी हरियाली तीज. शिव-पार्वतीच्या पुनर्मीलनाचे स्मरण करून सुवासिनी या दिवशी पतीच्या आयुरारोग्यासाठी व्रत करतात, झाडांना झोके बांधले जातात, जयपुरात तीजमातेची मिरवणूक निघते. पण सणाची खरी चाहूल लागते ती आदल्या संध्याकाळी. वाग्दत्त वधूला सासरहून आणि विवाहित कन्येला माहेरहून सिंजारा येतो. लहरियाची ओढणी किंवा साडी, बांगड्या, घेवर आणि मेंदी. यांतील वस्त्र कपाटात जाते, घेवर पाहुण्यांत वाटला जातो. मेंदी मात्र त्याच रात्री हातावर चढते.

मारवाडातून निघून पुणे, नगर, नाशिक, जळगाव अशा गावी स्थिरावलेल्या जैन कुटुंबांना सिंजारा हा शब्द नवा नाही. तीज हे लौकिक पर्व आहे, पर्युषणासारखे लोकोत्तर नव्हे, हा विवेक आपल्या घरांत सांभाळला जातो. व्रत-पूजा शेजारच्या वैष्णव किंवा माहेश्वरी भगिनीने करावी, मेंदीला मात्र दोन्ही घरच्या लेकी-सुना एकाच ओसरीवर बसाव्यात, अशी वहिवाट अनेक गल्ल्यांतून चालत आली. मेंदी जैन घराला परकी नाहीच. अठाई किंवा मासखमण करणाऱ्या तपस्वी भगिनीच्या सांजीलाही तिच्या हातावर मेंदी काढली जाते.

या सणाशी आपल्या समाजाचे आणखी एक नाते आहे, आणि ते दुकानाच्या फळीवरून जाते. मेंदीची पूड आणि कोन विकणारी किराणा, सौंदर्यप्रसाधने व पूजासाहित्याची किती तरी दुकाने आपल्या कुटुंबांची आहेत. श्रावणातल्या तीजेपासून भाद्रपदातल्या हरतालिकेपर्यंत आणि पुढे आश्विन वद्य चतुर्थीच्या करवा चौथपर्यंत या मालाची मागणी चढती असते. तेव्हा मेंदीविषयी जाणून घेणे हे जैन घरात सुनेचे काम आहे तसेच पेढीवर बसणाऱ्याचेही आहे.

हात मोकळे ठेवण्याची रात्र

मेंदी लावलेल्या स्त्रीला काम करता येत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचे मोल सहसा लक्षात येत नाही. वर्षभर पोळ्या लाटणारे, भांडी आवरणारे, मुलांच्या वेण्या घालणारे हात त्या रात्री पाच-सहा तास तरी नुसते उघडे राहतात. त्या वेळी घरातले काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. सासू सुनेच्या कपाळावरची बट मागे सारते, नणंद भावजयीला पाणी पाजते. नव्या सुनेला आपण या घरची झालो असे वाटण्याचा क्षण पुष्कळदा या रात्रीचा असतो.

चौविहार पाळणाऱ्या घराला तर ही रात्र फारच सोयीची. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले, रात्री पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. म्हणजे हातांची गरजच उरली नाही. सूर्यास्तानंतर मेंदी काढावी, रात्रभर ठेवावी आणि सकाळी नवकारसीपूर्वी कोरडीच खरवडून टाकावी, असा क्रम आपोआप बसतो. एकच पथ्य आठवणीने पाळावे. मेंदीत आणि वरून लावायच्या पाण्यात साखर असते, तिला मुंग्या लागतात. खाली जुने कापड पसरावे, सांडलेले तत्काळ पुसावे, खरवडलेला भुगा नीट गोळा करावा. शृंगारातही जयणा सुटू नये.

सणाचे रूप तळहातावर

आज बाजारात मेंदी काढून घ्यायला गेले की वेलींची नक्षी किंवा कोपरापर्यंत भरलेला नवरीचा हात दाखवला जातो. दोन्ही सुंदर आहेत, पण त्यांत सण ओळखू येत नाही. राजस्थानची जुनी मेंदी सणाप्रमाणे बदलत असे. गणगौरीला चुंदडी आणि चौपड, तीजेला घेवर, लहरिया आणि बीजणी. हात पाहून कोणता सण झाला ते जाणकार स्त्री सांगू शके. शिवाय ही रूपे ठिपका, रेघ आणि चौकोन यांतूनच उभी राहतात, त्यामुळे चित्रकला न येणाऱ्या मुलीलाही ती काढता येतात.

घेवर हे तीजेचे पक्वान्न. तळहाताच्या मध्यभागी एक ठसठशीत ठिपका द्यावा. त्याभोवती एक लहान वर्तुळ आणि दोन बोटे सोडून एक मोठे वर्तुळ काढावे. दोहोंच्या मधली जागा बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने भरावी. घेवराला जशी जाळी पडते तशी ही जाळी दिसली पाहिजे, म्हणून रेघा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. बाहेरच्या वर्तुळाला सगळीकडून ठिपक्यांची किनार दिली की घेवर पूर्ण झाला.

लहरिया म्हणजे तिरकस बांधून रंगवलेल्या वस्त्रावरची लाट. तर्जनीच्या मुळापासून मनगटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तिरप्या नागमोडी रेघा काढाव्यात. एक जाड, एक बारीक, पुन्हा जाड. दोन रेघांमधले अंतर सारखे राखणे एवढेच यातले कौशल्य. पहिली लाट जशी वळेल तशीच शेवटपर्यंत वळवावी. हात थरथरला तर रेघ पुसू नये, पुढची रेघ तिच्याच वळणाने न्यावी. लाट ती लाटच.

बीजणी म्हणजे दांडीचा हातपंखा. एक चौकोन, त्याला एका बाजूने दांडी, कडेने झालर. पावसाळ्याच्या उकाड्यात आणि झोक्याच्या सणात पंखा शोभतो. चौपडीला मधला चौक आणि त्यातून निघणाऱ्या चार पट्ट्या. खऱ्या पटावर प्रत्येक पट्टीत तीन रांगा आणि चोवीस घरे असतात, तळहातावर तेवढी मावत नाहीत, म्हणून दोन-तीन घरांतच पट्टी आटोपती घेतात. या सर्व रूपांत बोटांची अग्रे मात्र पहिल्या पेरापर्यंत पूर्ण भरलेली असत. कोन घरोघरी येण्यापूर्वी काडीने किंवा बोटावर घेतलेल्या मेंदीची तार ओढून ही नक्षी काढली जाई. कोनाने रेघ बारीक झाली, पण आकृत्यांचे मूळ काडीचेच आहे. म्हणून नवशिक्या मुलीला आधी काडी हाती द्यावी. हात स्थिर होतो आणि चुकले तरी मेंदी वाया जात नाही.

सोजतचे पान

हा रंग येतो कोठून? राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत हे मेंदीचे माहेर. रणकपूरचे भगवान आदिनाथांचे जिनालय याच जिल्ह्यात, आणि महाराष्ट्रातील अनेक गोडवाडी जैन कुटुंबांची मूळ गावेही याच जिल्ह्यात. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेंदीचे झुडूप कमी पावसाच्या, उन्हाळी तापणाऱ्या जमिनीत जगते. एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकते. पाला छाटला तरी मूळ जिवंत राहते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. शृंगारातील दुसरा लाल रंग, पायांचा अळता, परंपरेने लाखेपासून होत असे, आणि लाक्षावाणिज्य श्रावकाच्या त्याज्य पंधरा कर्मादानांत गणले आहे. त्या तुलनेत मेंदीचा रंग वनस्पतीचा आहे, हे आपल्या घरांना समाधान देणारे आहे.

सोजतकडची मुख्य काढणी पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास होते. छाटलेला पाला शेतात वाळत असताना अवकाळी पाऊस पडला की पानाचा रंग उतरतो आणि शेतकऱ्याच्या वर्षाची कमाई हलकी होते. म्हणजे श्रावणात आपण जी पूड घेतो ती बहुधा गेल्या शरदातल्या पानांची असते. ती मधले महिने कशी ठेवली यावर पुष्कळ अवलंबून आहे. हवाबंद, कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवलेली पूड रंग टिकवते. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात मांडलेले पुडे तो गमावतात.

रंगाला लागणारा वेळ

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. वाळलेल्या पानात त्याचे प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के. ओलावा आणि आंबटपणा मिळाला की ते पानातून सावकाश सुटते आणि त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनला जाऊन चिकटते. मेंदी काढल्यावर प्रथम दिसतो तो केशरी रंग. पुढे हवेच्या संपर्काने तो गडद होत जातो आणि एक ते दोन दिवसांत तपकिरी लाल होतो. तळहात आणि तळपाय येथे त्वचेचा वरचा थर जाड असतो, म्हणून तेथे रंग खुलतो. मनगटाच्या वर तोच रंग फिका दिसतो.

आदल्या दिवशी सिंजारा का, याचे उत्तर येथे मिळते. द्वितीयेच्या रात्री लावलेली मेंदी तृतीयेला सकाळी केशरी असते, दिवस चढेल तशी रंगत जाते आणि पूजेच्या वेळेपर्यंत तिला शोभा येते. ज्यांना पूर्ण गडद रंग हवा त्यांनी आणखी एक दिवस आधी बसावे. जुन्या स्त्रियांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण पानाला किती वेळ लागतो ते त्यांनी नीट पाहिले होते.

घरी मेंदी भिजवण्याची रीत सोपी आहे. १०० ग्रॅम वस्त्रगाळ पूड घ्यावी. तीत लिंबाचा रस आणि कोमट पाणी थोडे थोडे घालत गुठळ्या मोडाव्यात. कोणी साध्या पाण्याऐवजी चहाचे गार केलेले पाणी घेतात. पाणी उकळते नसावे. चार-पाच चहाचे चमचे साखर घालावी, त्याने मेंदी हाताला धरून राहते. एक-दोन चमचे निलगिरी तेल घातल्यास रंग चांगला चढतो, मात्र लहान मुलींच्या हातासाठी करताना तेल वगळावे. घट्ट दह्यासारखे झाले की झाकून सहा ते आठ तास ठेवावे. हवा गार असेल तर अधिक वेळ लागतो. वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसू लागला की रंग सुटला असे समजावे. मेंदी त्याच दिवशी वापरावी, उरल्यास कोन भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. हातावर सुकत आली की लिंबू-साखरेचे पाणी कापसाने हलकेच टेकवावे. सकाळी कोरडीच काढावी आणि शक्य तितका वेळ, निदान दुपारपर्यंत, पाणी लावू नये. तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरण्याची रीतही चांगली. ऊब मिळाली की रंग उजळतो.

काळ्या कोनाचे मोल

मेंदी गडद रंगली तर पतीचे किंवा सासूचे प्रेम अधिक, असे हौसेने म्हटले जाते. थट्टा म्हणून ते गोड आहे. पण एखाद्या नव्या सुनेचा रंग फिका आला आणि चार बायकांत तिला टोमणा ऐकावा लागला, तर तिच्या मनाला तो वर्षभर बोचतो. रंगाचा संबंध त्वचेच्या जाडीशी, हाताच्या उबेशी, पानाच्या ताजेपणाशी आणि दिलेल्या वेळेशी आहे. त्यात कोणाच्याही प्रेमाची परीक्षा नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीने मोठ्याने सांगावे. कारण फिक्या रंगाच्या भीतीनेच मुली काळ्या कोनाकडे वळतात.

‘अर्ध्या तासात रंग’, ‘काळी मेंदी’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या कोनांपासून सावध राहिले पाहिजे. मेंदीचे पान काढता क्षणी काळा रंग देत नाही, ते त्याच्या स्वभावातच नाही. असा रंग बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, या केस काळे करण्याच्या रसायनाचा असतो. केसांच्या रंगात त्याचे प्रमाण मर्यादित ठेवून ते थोडा वेळच लावतात, आणि तेही त्वचेला लागू न देण्याच्या सूचनेसह. तेच त्वचेवर तासन्‌तास राहिले तर काहींना काही तासांत, काहींना कित्येक दिवसांनी खाज, सूज आणि फोड येतात. नक्षीच्या रेघेरेघेवर फोड उठतात आणि बरे झाल्यावरही डाग राहू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की एकदा शरीराला या रसायनाचे वावडे झाले की ते सहसा जन्मभर राहते. पुढे चाळिशीत केसांना रंग लावताना ती स्त्री अडचणीत येते. काही स्थानिक भुलीच्या औषधांचीही अ‍ॅलर्जी तिला होऊ शकते. एका रात्रीच्या घाईची किंमत इतकी लांबवर जाते.

फोड आले तर हात धुऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, हळद-तुपाचे प्रयोग करत बसू नये. आणि तान्ह्या बाळाला कौतुकाने मेंदी लावणे टाळावे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत अस्सल मेंदीनेही तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो, आणि ही कमतरता बाहेरून दिसत नाही.

फळीच्या अलीकडे

सणाच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गर्दी असते. कोणी तरुणी घाईने विचारते, “काका, पटकन रंगणारा काळा कोन आहे का?” कोन खोक्यात असतो, नफा बरा असतो आणि दुकानदाराने नाही म्हटले तर ती शेजारच्या दुकानात जाईल हेही त्याला ठाऊक असते. त्या क्षणी तो काय उत्तर देतो, येथेच या विषयाचे मर्म आहे.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. खोटे माप जसे त्यांत आहे तसाच प्रतिरूपक व्यवहारही आहे. चांगल्या वस्तूत हलकी मिसळणे, एक दाखवून दुसरे देणे. मेंदीच्या नावाखाली केसांचे रसायन देणे याहून वेगळे काय आहे? पुडीत वाळू, दुसऱ्या पानांची पूड किंवा हिरवा रंग मिसळणे तर सरळच भेसळ. ‘आम्ही बनवत नाही, नुसते विकतो’ असे म्हणून यातून सुटता येत नाही. ग्राहक स्त्री कारखान्याला ओळखत नाही, ती दुकानाच्या पाटीवरचे आडनाव ओळखते.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असणे कायद्याने आवश्यक आहे. लेबल नसलेले कोन दुकानात ठेवूच नयेत. नवीन मालाची चिमूटभर पूड पेल्यात पाण्यात ढवळून पाहावी. पाणी तत्काळ गडद हिरवे झाले किंवा तळाशी वाळू बसली तर तो माल परत करावा. शंका असल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. आणि फळीवर एक छोटी पाटी लावावी: मेंदी आज लावा, रंग उद्या येईल. काळा कोन मागणाऱ्या मुलीला नुसते नाही म्हणून परत पाठवू नये. चांगली पूड, लिंबू-साखरेची रीत आणि एक दिवस आधी लावण्याचा सल्ला तिला द्यावा. दुकानातली वडील स्त्री हे सांगेल तर मुलगी अधिक ऐकेल.

यात थोडा नफा जाईल हे खरे. सणासुदीला खोकेच्या खोके कोन खपवणाऱ्याच्या तुलनेत पूड विकणाऱ्याचा गल्ला हलका राहील. पण तीच स्त्री करवा चौथला, दिवाळीला आणि लेकीच्या लग्नाला पुन्हा त्याच फळीपाशी येईल. आपल्या वडीलधाऱ्यांनी परक्या मुलखात पेढ्या उभ्या केल्या त्या याच हिशेबावर.

तीज श्रावण शुद्ध तृतीयेला येते. त्यानंतर महिनाभराने, भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमारास संवत्सरी असते. तोवर तीजेची मेंदी हातावरून केव्हाच उतरलेली असते. संवत्सरी प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार उच्चारताना मात्र सिंजाऱ्याच्या संध्याकाळी कोणाच्या हाती काय दिले ते आठवेल. तेव्हा दुकानातले कोनांचे खोके पाहून घ्यायचे ते आताच, श्रावण लागण्यापूर्वी.